कार्ब्स कमी करायचे तर करा, पण पूर्वजांची साक्ष काढू नका

लो-कार्ब, म्हणजे कर्बोदकं (धान्य, कंद, साखर यांतला पिष्टमय आणि गोड भाग) कमी असलेल्या आहाराच्या बाजूने जे काही बोललं जातं त्यात सगळ्यात पटकन पटणारा मुद्दा पूर्वजांचा असतो. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला त्याला सुमारे ३ लाख वर्षं झाली. शेती आली ती फार तर १२ हजार वर्षांपूर्वी. म्हणजे मानवजातीच्या आयुष्यातला ९५ टक्क्यांहून जास्त काळ शिकारीवर आणि रानातून वेचून आणलेल्या अन्नावर गेला. शेतातलं धान्य नव्हतं, साखर कारखाने नव्हते. तेव्हा आपलं शरीर मांस, मासे, चरबी आणि थोडाफार पाला यांच्यासाठीच घडलं असणार, आणि आजचा मधुमेह व लठ्ठपणा हे कर्बोदकांनी केलेलं नुकसान असणार, असा हा हिशेब. यातले काळाचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

हे सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण कर्बोदकं कमी करणं हा काही लोकांसाठी खरोखर गुणकारी उपाय आहे. पण तो पूर्वजांच्या नावावर खपवला की दोन प्रकारची माणसं फसतात. ज्यांना त्याची गरज नाही ती उगाच अन्नाला घाबरायला लागतात. आणि ज्यांना गरज आहे ती ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणत डॉक्टरांना न विचारता सुरुवात करतात, गोळ्या आहेत तशाच चालू ठेवतात किंवा मनानेच बंद करतात. ही दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

अंदाज कुठून आला

१९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. आजच्या ‘पॅलिओ’ आहाराला शास्त्रीय वजन मिळालं ते बरंचसं या लेखामुळे. त्यांच्या अंदाजाप्रमाणे पूर्वजांना ३४ टक्के उष्मांक प्रथिनांतून, २१ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि ४५ टक्के कर्बोदकांतून मिळत. आज ज्याला लो-कार्ब म्हणतात त्यात ४५ टक्के कर्बोदकं बसत नाहीत.

पुढे २००० साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २२९ शिकारी समाजांच्या नोंदी तपासल्या आणि कर्बोदकांचा वाटा २२ ते ४० टक्के असावा असं मांडलं. हा आकडा लो-कार्बच्या जवळ जातो, म्हणून तो जास्त उद्धृत होतो. पण या नोंदी कशा जमल्या हे बघायला हवं. त्या मुख्यतः गेल्या दोनेक शतकांत या समाजांना भेटलेल्या बाहेरच्या माणसांनी केलेल्या. शिकारीला निघालेले पुरुष त्यांच्या नजरेत भरत. बायकामुलांनी दिवसभर वेचून, खणून, येता-जाता खाल्लेलं टिपलं जाईलच असं नसे. शिवाय शिकारीवर जगणारे समाज तोवर बर्फाळ किंवा वाळवंटी कडेकपारींत उरले होते, कारण सुपीक जमिनी शेतकऱ्यांनी कधीच घेतल्या होत्या. त्यांच्यावरून ३ लाख वर्षांच्या माणसाचं जेवण ठरवणं धाडसाचं आहे.

उत्खननातही असाच एक पक्षपात आपोआप घडतो. हाडं टिकतात, कंद कुजतात. गुहेत हजारो वर्षांनी हाडांचा ढीग सापडला की खाणारे मांसाहारी वाटतात.

दातांवरचं कीटण काय सांगतं

गेल्या वीसेक वर्षांत मात्र झाडपाल्याचे अगदी सूक्ष्म अवशेष शोधायच्या पद्धती सुधारल्या, आणि चित्र बदललं. निअँडरथल, म्हणजे आपल्याला जवळचा पण आता नामशेष झालेला मानव, निव्वळ मांसावर जगणारा अशी समजूत होती. इराकमधल्या शानिदार आणि बेल्जियममधल्या स्पाय या गुहांत सापडलेल्या निअँडरथल सांगाड्यांच्या दातांवरचं कीटण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा त्यात स्टार्चचे (पिष्टाचे) कण अडकलेले दिसले. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. स्टार्चचा कण कच्चा असताना एका विशिष्ट आकाराचा असतो. शिजला की फुगतो, त्याची घडण मोडते. या कणांतले काही शिजलेले होते. म्हणजे त्या माणसांनी वनस्पती विस्तवावर शिजवून खाल्ल्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या राखेत भाजलेले पिष्टमय कंद सापडले. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे २३ हजार वर्षांपूर्वी लोक रानटी जव गोळा करून दगडावर दळत होते. जॉर्डनमधल्या शुबैका इथे १४ हजार ४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत पावासारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, शेती सुरू व्हायच्या हजारो वर्षं आधीचे. धान्य हा शेतीनंतरचा उपरा पदार्थ, हे म्हणणं यापुढे टिकत नाही. पिकवायला लागायच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता.

शरीरातही याची खूण आहे. लाळेत अमायलेझ नावाचं विकर असतं, ते तोंडातच स्टार्च फोडायला लागतं. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या चिंपांझीत दोनच प्रती असतात. माणसांत कुणाकडे चार, कुणाकडे दहाहूनही जास्त. २०२४ च्या एका अभ्यासानुसार या प्रती वाढायला सुरुवात ८ लाख वर्षांपूर्वीच झाली असावी, म्हणजे आपली जात अस्तित्वात यायच्याही आधी. शेती आल्यावर काही समाजांत त्या आणखी वाढल्या. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता तर पशुपालन सुरू झाल्यानंतरची, गेल्या १० हजार वर्षांतली आहे. आपलं शरीर अश्मयुगात घडून तिथेच थांबलं, हे गृहीतकच चूक आहे.

‘पूर्वजांचा आहार’ एक नव्हताच

टांझानियातले हाड्झा लोक आजही बऱ्याच अंशी शिकार करून, वेचून जगतात. त्यांच्या बायका टोकदार काठीने जमीन खणून कंद काढतात. हे कंद इतके चिवट असतात, की भाजून चावायचे, रस गिळायचा आणि चोथा थुंकून टाकायचा. सोबत बोरांसारखी फळं, गोरखचिंचेचा गर, शिकार मिळेल तेव्हा मांस, आणि मध. मध त्यांना इतका प्रिय, की वर्षभराच्या उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के मधातून येतात. साखरेला विष म्हणणाऱ्या कुठल्याही सिद्धांताला हाड्झांचा हिशेब द्यावा लागेल.

पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर स्वीडनचे डॉक्टर स्टाफान लिंडेबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास पाहणी केली. तिथले लोक रताळी, सुरणासारखे कंद, नारळ, फळं आणि मासे खात. कर्बोदकांचा वाटा सुमारे ६९ टक्के. पक्षाघात आणि हृदयविकार जवळपास नव्हतेच, आणि ही मंडळी धूम्रपानही भरपूर करत. बोलिव्हियाच्या जंगलातले चिमाने लोक शेती, मासेमारी आणि शिकार तिन्ही करतात. त्यांच्या आहारात ७२ टक्के कर्बोदकं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या हृदयाच्या धमन्यांचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचे कठीण थर अजिबात नव्हते. आजवर नोंदलेल्या कुठल्याही समाजापेक्षा हे चांगलं आहे. म्हणून ७२ टक्के कर्बोदकं खावीत असं ठरत नाही, कारण चिमाने पुरुष रोज सहा-सात तास अंगमेहनतीत असतात. पण कर्बोदकं स्वतःच धमन्या बिघडवतात या म्हणण्याला मात्र इथे जागा उरत नाही.

दुसऱ्या टोकाला आर्क्टिकमधले इनुइट. सील, व्हेल, मासे, भरपूर चरबी. लो-कार्बवाल्यांचं हे आवडतं उदाहरण. पण या लोकांत एक जनुकीय बदल फार मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि त्यामुळे त्यांचं यकृत चरबीपासून कीटोन (ग्लुकोज कमी असताना शरीर वापरतं ते इंधन) सहजासहजी बनवत नाही. हजारो वर्षं जवळजवळ कर्बोदकांशिवाय राहिलेल्या लोकांत निसर्गाने कीटोन बनवणं कमी करणारा बदल टिकवून ठेवला, ही गोष्ट कीटो आहाराला, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद करून कीटोनवर राहण्याला, ‘माणसाची मूळ अवस्था’ म्हणणाऱ्यांनी नीट विचारात घ्यावी अशी आहे.

याच इनुइटांसोबत राहिलेल्या विल्यालमर स्टेफान्सन या आर्क्टिक संशोधकाने १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली फक्त मांसावर राहण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सुरुवातीला त्याला मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत मळमळ, जुलाब, गळून जाणं सुरू झालं. चरबी दिल्यावर तो सुधारला, आणि पुढे वर्षभर असाच राहिला. त्या काळात त्याचे तीन-चतुर्थांशाहून जास्त उष्मांक चरबीतून येत होते. कारण प्रथिनांतला नायट्रोजन युरियात बदलून बाहेर टाकायच्या यकृताच्या क्षमतेला मर्यादा आहे. एका प्रमाणापलीकडे प्रथिनं इंधन म्हणून वापरता येत नाहीत. रानातलं बरंचसं जनावर सडपातळ असतं. तेव्हा पुरेशी चरबी न मिळणाऱ्या पूर्वजाला कंद, फळं, मध यांकडे वळणं भागच होतं.

पूर्वज अल्पायुषी होते, त्यांचं काय घ्यायचं, असा उलटा आक्षेपही घेतला जातो. तोही लंगडा आहे. सरासरी आयुर्मान कमी दिसतं ते लहान मुलं खूप दगावत म्हणून. शिकारी समाजांत जो मोठा झाला तो बऱ्याचदा सत्तरीपर्यंत जगे. पण ते सगळे ठणठणीत होते असंही नाही. २०१३ मध्ये १३७ ममींचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले, त्यांत अल्यूशियन बेटांवरच्या शिकारी-मच्छीमार लोकांच्याही धमन्यांत कठीण थर आढळले. आणि मुळात पन्नाशीनंतर धमन्या कशा राहतात याची निवड उत्क्रांती फारशी करत नाही. मूल होऊन ते जगवण्याइतकं शरीर टिकलं की तिचं काम बरंचसं झालेलं असतं.

सात आठवडे रानात

मग पूर्वजांच्या जीवनपद्धतीकडून शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किम्बर्ली भागात केरिन ओडी या संशोधिकेने केलेला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलका वाटतो. शहरी अन्नावर राहून मधुमेह झालेले १० आदिवासी प्रौढ सात आठवड्यांसाठी आपल्या पूर्वजांच्या मुलखात परत गेले. दुकानातलं अन्न बंद. कांगारू, गोड्या पाण्यातले मासे, कासव, पक्षी, रानकंद, अंजिरासारखी फळं, मध. जे मिळेल ते स्वतः मिळवायचं.

सात आठवड्यांत सरासरी ८ किलो वजन उतरलं. उपाशीपोटी रक्तशर्करा सुमारे २०९ मिलिग्रॅमवरून ११९ वर आली. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, एक-तृतीयांशाच्याही खाली गेले. आजही अनेक औषधांना जमणार नाही असा हा परिणाम.

आता त्या काळातल्या एका टप्प्यावर त्यांचा आहार मोजला गेला तो पाहा. दिवसाला अवघे १२०० उष्मांक. त्यांतले ५४ टक्के प्रथिनांतून, ३३ टक्के कर्बोदकांतून आणि फक्त १३ टक्के चरबीतून. म्हणजे कर्बोदकं कमी होती, पण चरबी त्याहूनही कमी होती, प्रथिनं प्रचंड होती, एकूण अन्न थोडं होतं आणि ते मिळवायला दिवसभर राबावं लागत होतं. याला लो-कार्बचा विजय म्हणता येतं, लो-फॅटचा म्हणता येतं, वजन उतरण्याचाही म्हणता येतं. मला तिसरं सर्वांत खरं वाटतं, आणि त्याला कारण आहे.

ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत टाइप-२ मधुमेह झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचं पेयरूपी अन्न दिलं गेलं. मग हळूहळू साधं जेवण. वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. त्या पेयातले ५९ टक्के उष्मांक कर्बोदकांचे होते. रानातलं अन्न नव्हे, पाकिटातली भुकटी. तरीही यकृतातली आणि स्वादुपिंडातली साठलेली चरबी उतरली आणि इन्सुलिनचं काम पुन्हा रुळावर आलं.

मग लो-कार्ब चालतं कसं

कर्बोदकं पचून ग्लुकोज होतं. ते रक्तात आलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ग्लुकोज पेशींत जातं. जास्तीचं ग्लुकोज यकृत आणि स्नायू या दोन कोठारांत ग्लायकोजेन म्हणून साठतं, पण ही कोठारं लहान आहेत: सगळं मिळून साधारण अर्धा किलो. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. कर्बोदकं एकदम कमी केली की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली दाखवतो तो बराचसा या पाण्यामुळे. नंतर शरीर चरबीवर जास्त भिस्त ठेवतं, आणि कर्बोदकं फारच कमी असतील तर मेंदूसाठी कीटोन बनवतं.

ज्याच्या शरीरात इन्सुलिनला दाद मिळत नाही, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे असलेली व्यक्ती, तिला कर्बोदकं कमी केल्याचा थेट फायदा होतो: ग्लुकोज कमी आत आलं, साखर कमी चढली. त्यासाठी अश्मयुगात जायची गरज नाही. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०१९ च्या आहारविषयक अहवालातच म्हटलं आहे, की रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण कर्बोदकं कमी करण्याला सर्वाधिक पुरावा आहे. पहिल्या सहा महिन्यांत फरक ठळक असतो, वर्षभरात बराच पुसट होतो, मुख्यतः लोकांना ते टिकवता येत नाही म्हणून.

वजनाच्या बाबतीत मात्र सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. स्टॅनफर्डच्या क्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना एक वर्ष दोन गटांत विभागलं: एक लो-कार्ब, एक लो-फॅट. दोघांनाही साखर, मैदा टाळा आणि भाज्या खूप खा असं सांगितलं होतं. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी ६ किलो कमी झालं, दुसऱ्याचं ५.३. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत कुणी तीसेक किलो उतरवले, तर कुणाचं दहा किलो वाढलंही.

आणि खरा गुन्हेगार कुठे शोधायचा याची दिशा २०१९ च्या केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात दिसते. २० जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, तंतू आणि कर्बोदकं जुळवलेली. हवं तितकं खा, एवढंच सांगितलेलं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोक दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन ०.९ किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं. हाड्झा, किटावा, चिमाने, इनुइट, किम्बर्लीचं रान, या सगळ्यांत कर्बोदकांचं प्रमाण जमीनअस्मानाचं वेगळं होतं. पाकिटातलं, चावायला न लागणारं, हाताशी चोवीस तास असणारं अन्न मात्र यांतल्या कुणाकडेही नव्हतं.

सुरू करणाऱ्यांसाठी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील आणि कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डोस आधी कमी करावा लागतो आणि तो डॉक्टरनेच करायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी कीटोच्या वाटेला जाऊच नये, कारण रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. उलटी, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली आणि मीटरवर साखर ठीक दिसली, म्हणून घरी थांबू नका. टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, आधी कधी खाण्याचे विकार झालेले असणं, यांपैकी काही असेल तर हा प्रयोग एकट्याने करायचा नाही.

बाकीच्यांनी साखरेची पेयं, मैदा आणि पाकिटबंद खाणं आधी बंद करून महिनाभर बघावं. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं, आणि कंद, कडधान्यं, फळं यांच्याशी वैर धरावं लागत नाही. त्याहून खाली जायचं ठरवलं, तर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. काहींचं, विशेषतः मुळातच सडपातळ असलेल्यांचं, ते फार वाढतं. तसं झालं तर लोणी-मलई आणि चरबीदार मांस कमी करून त्या जागी सुकामेवा, वनस्पती तेलं आणि मासे घ्यावेत, थोडी कर्बोदकं परत आणावीत आणि पुन्हा तपासावं. आकडा तरीही खाली येत नसेल, तर हा आहार त्या व्यक्तीसाठी नाही.